खालीनंतरचा डग्गा

डग्ग्यावर मनगट टेकवायचं, दोन बोटांनी घाव घालायचा आणि आवाज विरायच्या आत मनगट पुढे सरकवायचं. खोलवरून एक सूर निघतो आणि चढत जातो. याला घिस्सा म्हणतात. आमच्या गुरुजींच्या खोलीत भिंतीला स्टीलची मांडणी होती. त्यांच्या तांब्याच्या डग्ग्यातून घिस्सा निघाला की मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. आठ-नऊ वर्षांच्या मला तबल्यातलं बाकी काही कळत नव्हतं. पण हाताने भांडी वाजवता येतात, तीही हात न लावता, याचं फार अप्रूप होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात राहत होतो. एका रात्री खालच्या सिग्नलला गाडी येऊन थांबली. काचा बंद होत्या, तरी आतलं हिप-हॉप वर येत होतं. शब्द ऐकू येत नव्हते, चाल कळत नव्हती. पोचत होता तो फक्त तळाचा आवाज: एक ठोका, मग खाली घसरत जाणारा लांब सूर. स्वयंपाकघरातल्या वाट्या किणकिणल्या. ओट्यावर टेकलेलं माझं मनगट आपोआप पुढे सरकलं. सिग्नल सुटला, गाडी गेली. मी मात्र तसाच उभा राहिलो. जपानमध्ये बनलेल्या आणि अमेरिकेत गाजलेल्या यंत्राचा आवाज माझ्या हाताला आधीपासून माहीत होता. या लेखाची सुरुवात तिथे आहे.

ते यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचं टीआर-८०८. १९८० साली बाजारात आलं, १९८३मध्ये बंद झालं. एकूण सुमारे बारा हजारच बनली. खऱ्या ड्रमसारखा आवाज देत नाही म्हणून अनेकांनी ते नाकारलं होतं. मग जुनी यंत्रं स्वस्तात विकायला निघाली आणि न्यूयॉर्क, डेट्रॉइट, मायामीच्या पोरांच्या हाती लागली. १९८२मध्ये आफ्रिका बम्बाटा यांचं 'प्लॅनेट रॉक' आलं आणि या यंत्राचा तळाचा ठोका जगभर पोचला. त्या ठोक्याला शेपूट आहे. एक बटण फिरवलं की ती लांबते. संगीतनिर्मात्यांनी ती इतकी लांबवली की ठोक्याचाच सूर झाला, आणि पुढे त्या सुराला मींड देऊन वर-खाली सरकवायला सुरुवात केली. तालवाद्याचा तळ गाऊ लागला.

आपल्याकडे तो शतकानुशतकं गातो आहे. डग्गा हे तालवाद्यही आहे आणि मींड घेणारं वाद्यही. हे ज्याच्या हातात लहानपणापासून आहे आणि जो त्याच वेळी हिप-हॉपच्या शहरात वाढला आहे, त्याने या दोन तळांचं काय केलं, हा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षं कर्ष काळे ऐकतो आहे.

कर्ष म्हणजे उत्कर्ष काळे. जन्म १ नोव्हेंबर १९७४चा, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचचा. वाढले न्यूयॉर्कमध्ये. आडनावावरून कळावं तसं घर मराठी. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकलंच नसेल याची मला खंत वाटते, कारण अमेरिकेत नाव काढलेल्या मराठी माणसांच्या आपल्या याद्यांत डॉक्टर असतात, संगणकतज्ज्ञ असतात, उद्योजक असतात. ड्रम वाजवणारा क्वचित असतो. काळे तबला वाजवतात, ड्रमसेट वाजवतात, गातात, डीजे म्हणून उभे राहतात आणि संगणकावर संगीत बांधतात. मंचावर त्यांच्या एका बाजूला तबला-डग्गा आणि समोर ड्रमसेट असा संसार मांडलेला असतो. तबल्याचा आवाज ते यंत्रातून फिरवून घेतात. त्याला इलेक्ट्रिक तबला असंच नाव पडलं आहे. एकच 'ना' चाटेवर पडतो, यंत्रातून जाताना त्याचे प्रतिध्वनी होतात आणि ते प्रतिध्वनी पुढच्या बोलाच्या जागा भरतात.

त्यांचा पहिला पूर्ण अल्बम 'रिअलाइज' २००१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स डिग्रीज कंपनीने काढला. पुढच्याच वर्षी त्यातल्या रचना इतर निर्मात्यांनी नव्याने बांधून 'रिडिझाइन' आला. मग २००३चा 'लिबरेशन', २००६चा 'ब्रोकन इंग्लिश', २००७मध्ये अनुष्का शंकर यांच्यासोबत केलेला 'ब्रीदिंग अंडर वॉटर', ज्यात पं. रविशंकर, स्टिंग आणि नोरा जोन्स आहेत. २०११चा 'सिनेमा'. दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्ज या जोडीबरोबर त्यांनी बरंच काम केलं. 'कार्तिक कॉलिंग कार्तिक' या चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्यांपैकीच. धारावीच्या रॅपची गोष्ट सांगणारा 'गली बॉय' २०१९मध्ये आला, तेव्हा त्यातल्या 'ट्रेन साँग'मध्ये रघू दीक्षित यांच्याबरोबर काळे होते. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या हजारोंना ते नाव श्रेयनामावलीत दिसलंही नसेल.

यादी इथे थांबवतो. मला बोलायचं आहे ते 'रिअलाइज' ऐकताना जाणवलेल्या एका गोष्टीबद्दल.

तबला आणि यंत्राचा ठोका एकत्र ठेवणं सोपं आहे. आज कुठल्याही लॅपटॉपवर अर्ध्या तासात होतं. बीट तयार असतो, वर कुठून तरी तबल्याचा तुकडा आणून पेरायचा, की 'फ्यूजन' तयार. लग्नाच्या मांडवात, विमानतळावर, हॉटेलच्या लिफ्टमध्ये आपण हे ऐकतो. असा तबला कोथिंबिरीसारखा असतो. काढून टाकला तरी भाजी तीच राहते. काळे यांच्या चांगल्या रचनांतून तबला काढून पाहा, रचना कोसळते. कारण तिथे आवर्तनाचं गणित तबल्याकडे आहे.

हे नीट सांगायला हवं. ८०८च्या समोरच्या पट्टीवर सोळा बटणं आहेत. एका ओळीत, एकेक खूण म्हणजे कालाचा एकेक तुकडा. तीनतालाच्या मात्रा सोळा. हा योगायोग तबला शिकलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येतो आणि प्रत्येक जण क्षणभर हरखतो. पण यंत्राच्या सोळा खुणा सारख्याच वजनाच्या आहेत. सोळावी संपली की पहिली पुन्हा येते, इतकंच. तीनतालाच्या सोळा मात्रांत उतार-चढाव आहे. समेवर डग्गा घुमतो, दोन विभाग घुमत राहतो, नवव्या मात्रेला खाली येते, 'तिं तिं ता'ला डग्गा आपला घुमारा आवरून घेतो, आणि तेराव्या मात्रेनंतर 'धिं धिं धा' म्हणत परत येतो. ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी खाली जातं आणि परत वर येतं. आपण मैफलीत समेला मान हलवतो ती या उताराशिवाय हलत नाही.

आता क्लबमध्ये डीजे काय करतो ते आठवा. गाणं रंगात आलेलं असतं. अचानक तो तळ काढून घेतो. वरचं सगळं चालू, फक्त बेस नाही. नाचणारे हात वर करतात, श्वास धरतात. मोजून आठ किंवा सोळा ठोक्यांनी बेस कोसळतो आणि सगळं सभागृह एकत्र खाली येतं. ही खाली आहे आणि ती सम आहे. दोन्ही परंपरा एकमेकींना न विचारता एकाच शहाणपणाला पोचल्या आहेत: तळ सतत दिला तर तो तळ राहत नाही, काढून घेऊन परत द्यावा लागतो. काळे यांच्या रचनांत हे दोन उतार एकमेकांवर बसवलेले ऐकू येतात. तबल्याची खाली येते तिथे सिंथचा तळही सरतो, आणि तिहाई घेऊन ते ज्या समेवर उतरतात तिथे बेस परत येतो. परदेशी श्रोत्याला तीनताल माहीत नसतो, पण त्याच्या पोटात तीच हालचाल होते.

हे त्यांनी एकट्याने शोधलं असं नाही. वाट आधी पडली होती, आणि त्या वाटेच्या सुरुवातीला एक ठुमरी गाणारी आई आहे.

शोभा गुर्टू. मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर, नृत्य-गायनाची परंपरा असलेल्या मेनकाबाई शिरोडकरांची मुलगी. त्यांची ठुमरी, दादरा, कजरी ज्यांनी समोर बसून ऐकली ते भाग्यवान. १९५१ साली मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा त्रिलोक तबला शिकला आणि पुढे युरोपात जाऊन जाझच्या जगात स्थिरावला. जमिनीवर गुडघ्यांवर बसून वाजवायचा स्वतःचा असा संच त्यांनी बांधला, त्यात तबला, झांजा, घंटा, शंख-शिंपले आणि पाण्याने भरलेली एक बादली. घंटा वाजवता वाजवता पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. धातूची मींड! १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात त्यांनी जे वाजवलं, त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे; जरूर मिळवून ऐका. त्याच सुमाराचा त्यांचा पहिला अल्बम 'उसफ्रेट'. त्यात आई गाते आहे आणि मुलगा तिच्याखाली जाझ-फंकचा ताल बांधतो आहे. पुढे लंडनच्या तरुण आशियाई संगीतकारांनी या अल्बमचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं.

मला या जोडीत एक धागा दिसतो, तो जरा सविस्तर मांडतो. ठुमरी किंवा दादरा शेवटाकडे येतो तेव्हा गायिका मुखडा धरून ठेवते आणि तबलजीला वाट मोकळी करून देते. तबलजी ठेका सोडतो आणि लग्गी धरतो. तबला दुपटीत धावू लागतो, गाणं मात्र आपल्या संथ चालीत तसंच उभं असतं. वर संथ, खाली वेगवान, आणि दोन्ही एकाच घरात. मग तिहाई घेऊन तबलजी मूळ ठेक्यावर येतो आणि लोक 'वाहवा' म्हणतात. आपल्या भजनातही हे होतं. गजराला पखवाज कसा उठतो ते वारकऱ्यांना सांगायला नको.

नव्वदच्या दशकात लंडनमध्ये ड्रम अँड बेस नावाचा प्रकार रुजला. त्यात ड्रम मिनिटाला १६०-१७० ठोक्यांच्या गतीने धावतात आणि बेस त्याच्या निम्म्या गतीने चालतो. श्रोता हवं तर धावत्या ड्रमवर नाचतो, हवं तर संथ बेसवर डोलतो. हा प्रकार आला कॅरिबियन वस्त्यांतल्या साउंड सिस्टिममधून, रेव्हमधून आणि हिप-हॉपच्या तोडलेल्या-जोडलेल्या तुकड्यांतून; ठुमरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण ज्यांच्या कानावर लग्गी पडली होती, त्यांना तो परका वाटला नसणार. दुपटीचा तबला थेट त्या जागेत जाऊन बसला.

तो बसवणाऱ्यांत सर्वांत पुढे होते तल्विन सिंग. लंडनमध्ये १९७० साली जन्मलेले, किशोरवयात पंजाबात जाऊन उस्ताद लछमन सिंग यांच्याकडे तबला शिकलेले. परत आल्यावर त्यांची पंचाईत झाली. शास्त्रीय संगीतवाल्यांना हा मुलगा फार लंडनचा वाटायचा आणि लंडनवाल्यांना फार तबल्याचा. त्यांनी हॉक्स्टन स्क्वेअरच्या ब्लू नोट क्लबमध्ये 'अनोखा' नावाची रात्र सुरू केली. सोमवारची, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात रिकामी. ती भरू लागली. १९९७मध्ये त्या रात्रींचा संग्रह निघाला, १९९८मध्ये त्यांचा 'ओके', आणि १९९९मध्ये त्या अल्बमला ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्येही डीजे रेखा यांच्या 'बेसमेंट भांगडा'सारख्या रात्री १९९७पासून सुरू झाल्या होत्या. तिथल्या देशी पोरांना पहिल्यांदाच एक जागा मिळाली, जिथे आईवडिलांचं घर आणि बाहेरचा रस्ता यांच्यात निवड करावी लागत नव्हती. काळे या मुलांतले.

मग एक गोष्ट घडली, जी मला या साऱ्या कथेचं शिखर वाटते. न्यूयॉर्कचे बेसवादक आणि निर्माते बिल लॅसवेल यांनी झाकीर हुसेन यांच्यासोबत 'तबला बीट सायन्स' उभं केलं. २०००मध्ये 'ताल मॅट्रिक्स' आला. झाकीरभाई, त्रिलोक गुर्टू, तल्विन सिंग आणि कर्ष काळे, चौघे एका अल्बमवर. माहीमचा, ठुमरीच्या घरातला, लंडनचा आणि न्यूयॉर्कचा. चार तबले आणि मध्ये एक इलेक्ट्रिक बेस.

त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण २००२मध्ये आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्न ग्रोव्हमधलं. निलगिरीच्या उंच झाडांमधलं हे खुलं मैदान, इथला महोत्सव मोफत असतो. मंचावर झाकीरभाई, लॅसवेल, काळे, उस्ताद सुलतान खाँ यांची सारंगी, इथिओपियाच्या गायिका जिजी, तबकडी घासणारे डीजे डिस्क आणि मिडिव्हल पंडित्ज. मी हे ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी माझा कान एकाच जागी जाऊन थांबतो: सारंगी आलाप घेते, खाली यंत्राची सावकाश गुणगुण आहे, ताल अजून आलेला नाही. मग तबला येतो आणि काळे ड्रमवर त्याला जागा देतात. बोल पुरा होऊ देतात, त्याच्या शेपटीला हलका हात देतात, मध्ये घुसत नाहीत. आपल्याकडे याला साथ म्हणतात. ज्या वादकाला एकल वाजवता येतं त्याने साथीला बसावं आणि कमी वाजवावं, ही आपल्या मैफलीची मोठी शिकवण आहे. ड्रमसेटवर ती मी तिथे ऐकली. शेजारी एकजण तबकडी घासतो आहे, तीही लयीत; कान देऊन ऐकलं तर त्या घासण्यात आणि डग्ग्यावरच्या मनगटात नातं आहे. दोन्ही ठिकाणी हात पृष्ठभागावर ओढला जातो आणि सूर वाकतो.

या प्रयोगांची परंपराही झाकीरभाईंच्या घरातलीच. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी १९६८मध्ये अमेरिकन ड्रमर बडी रिच यांच्याबरोबर रेकॉर्ड केली होती. झाकीरभाईंनी अमेरिकन ड्रमर मिकी हार्ट यांच्याबरोबर नायजेरिया, ब्राझील, पोर्तो रिको इथल्या तालवाद्यांना एकत्र आणलं. 'प्लॅनेट ड्रम' या त्यांच्या १९९१च्या अल्बमला जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं. १५ डिसेंबर २०२४ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात मी स्टर्न ग्रोव्ह पुन्हा लावलं आणि पूर्ण ऐकू शकलो नाही.

एक प्रश्न तांत्रिक आहे, पण त्यावाचून तबला आणि यंत्र जुळवण्याचं हे काम किती कष्टाचं आहे ते कळणार नाही. बहुतेक ड्रमना नेमका सूर नसतो. तबल्याला असतो. शाईचा थर मध्यावर जाड आणि कडेला पातळ होत जातो, त्यामुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात; सर सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये 'नेचर'मध्ये हे सप्रयोग मांडलं होतं. मैफलीत हे वरदान. स्टुडिओत मात्र तबला गाण्याच्या पट्टीशी जुळलेला नसेल तर तो बेसशी भांडतो. यंत्रात त्याचा सूर ओढून बदलता येतो, पण तसं केलं की 'तीं'चा गाभा पोकळ होतो. त्यामुळे गंभीर निर्माता हातोडी घेऊन बसतो, एकेक गठ्ठा ठोकतो, गजऱ्यावर घाव घालून घर न् घर मिळवतो. डग्ग्याचं आणखी वेगळं. त्याचा घुमारा आणि यंत्राचा बेस एकाच मजल्यावर राहतात. दोघांना एकदम बोलू दिलं तर नुसता चिखल होतो. कोणी तरी गप्प बसायला हवं, आणि कोण गप्प बसणार हे ठरवणं म्हणजेच रचना.

याच्या अगदी उलट प्रयोग मुंबईत घडला आहे. १९८२ साली चरणजित सिंग या चित्रपट वाद्यवृंदातल्या वादकाने ८०८ आणि त्याच कंपनीचं बेसयंत्र ३०३ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबला नाही, हात नाही, सगळं यंत्र. त्या वेळी कोणी लक्ष दिलं नाही. २०१०मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, कारण त्यांच्या अॅसिड हाउससारखं काहीतरी हा माणूस आधीच वाजवून बसला होता. चरणजित सिंग २०१५मध्ये मुंबईतच वारले. मला त्या रेकॉर्डचा आदर आहे, पण तिच्यावर माझा जीव जडत नाही. राग सरळ रेषेत धावतात, ठोका सरळ रेषेत धावतो, श्वास घ्यायला कोणी थांबत नाही. खाली नाही तिथे.

आणि आता जे बोलायचं आहे ते बोलताना मला राग येतो.

ड्रम अँड बेसचा पाया ज्या तुकड्यावर उभा आहे तो १९६९च्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला आहे. द विन्स्टन्स नावाचा वाद्यवृंद, ड्रमर ग्रेगरी कोलमन. जेमतेम सहा-सात सेकंद. हजारो गाण्यांत तो कापून-जोडून वापरला गेला. कोलमन २००६मध्ये वारले तेव्हा त्यांना घर नव्हतं. त्या सेकंदांपोटी त्यांना काही मिळालं नाही. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५मध्ये श्रोत्यांनीच वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले.

आपलीही अशी कथा आहे. १९८१च्या 'ज्योती' चित्रपटात लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' आहे, संगीत बप्पी लाहिरी यांचं. २००२मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' गाजलं. त्यात ते गाणं मूळ आवाजासह, तालासह खालून वाहत होतं आणि श्रेय नव्हतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं. लाहिरी यांचं नाव येईपर्यंत विक्री थांबवा, असा आदेश २००३मध्ये निघाला. पण त्या गाण्यात ढोलक-तबला वाजवणारे कोण होते? त्यांची नावं मूळ रेकॉर्डवरही नसायची. न्यायालय ती कुठून आणणार?

माझा एक तबलजी मित्र आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने त्याला दिवसभर बोलावलं. एकेक बोल सुटा वाजवून घेतला, मग चार-चार आवर्तनं वेगवेगळ्या लयीत. संध्याकाळी ठरलेले पैसे दिले, कागदावर सही घेतली. त्यात फसवणूक काही नव्हती. दोन वर्षांनी तो घरी टीव्हीसमोर जेवत होता. एका जाहिरातीत रेला सुरू झाला आणि त्याचा घास हातातच राहिला. त्या दिवशी त्याच्या डग्ग्याची पुडी एका कडेला सैल होती आणि 'घे'ला बारीकशी झर्र यायची. ती झर्र जाहिरातीत होती. पुढे तो ती ठिकठिकाणी ऐकत गेला. मला म्हणाला, "अरे, पुडी तर मी दुसऱ्याच दिवशी बदलली. आता ती झर्र जगात सगळीकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही."

काळे यांच्यासारख्या माणसांचं मोल मला इथे कळतं. वाजवणारा आणि बांधणारा एकच. कापणारा हात आणि कापला जाणारा हात एकाच अंगाला लागलेले. तुकडा कुठे कापला तर दुखेल हे त्या हाताला ठाऊक असतं.

आपल्या रस्त्यावरचा माणूसही हे फार आधीपासून करतो आहे. मुंबईच्या कुठल्याही गल्लीत गणपतीला बेंजो पथक पाहा. बेंजो, कीबोर्ड, ढोलकी, हलगी, ताशा आणि मध्ये उभा ऑक्टोपॅडवाला. आठ रबरी चौकोन, हातात दोन काठ्या. त्या चौकोनांत त्याने कोंगा भरलेला असतो, संबळ भरलेला असतो, टाळ्या, शिट्ट्या सगळं असतं. एका कोळीगीतात तो क्यूबाचा ठोका घालतो आणि त्याला क्यूबा कुठे आहे हे ठाऊक असायची गरज पडत नाही. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' एका डच कंपनीने काढलं आणि मराठी शब्दांवर परदेशातले लोक नाचले, तेव्हा आपल्याकडे नवल झालं. मला नवल वाटलं नाही. ऑक्टोपॅडवाल्याला मी लहानपणापासून ओळखतो.

गेल्या पावसाळ्यात तोच तबलजी मित्र मला डोंबिवलीला एका स्टुडिओत घेऊन गेला. स्टुडिओ म्हणजे एका फ्लॅटची आतली खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद. निर्माता बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याने एक रॅप बांधला होता, खाली ८०८चा बेस. त्याला त्यावर तबला हवा होता. मित्राने हेडफोन चढवले. कानात क्लिक सुरू झाला, टक टक टक टक. मित्राने वाजवलं. अचूक होतं, आणि अगदी निर्जीव. मुलाने पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळी मित्राने हेडफोन गळ्यात काढून ठेवले.

"बाळा, हे टकटक बंद कर. मला लेहरा दे."

"लेहरा म्हणजे काका?"

मित्राने हार्मोनियमचा लेहरा गुणगुणून दाखवला, तीनतालातला चंद्रकंस. मुलाने लगेच कीबोर्ड ओढला, दोन-तीनदा चुकला, मग सोळा मात्रांची ती ओळ बरोबर वाजवली आणि फिरत ठेवली. क्लिक बंद केला. मित्राने एक आवर्तन नुसतंच ऐकलं, बोटं मांडीवर. दुसऱ्या आवर्तनाच्या नवव्या मात्रेला मुलाकडे बघून हळूच म्हणाला, "इथे तुझा बेस काढ." मुलाने फेडर खाली ओढला. तिं तिं ता. मित्राचं मनगट डग्ग्यावर टेकलं, आणि समेला ते पुढे सरकलं तेव्हा त्या मुलाचा हात फेडरवर होता, तो त्याच क्षणी वर गेला.